त्यांची अर्धी

“हा आता तो राहिलेला नाही,” असं ती मुलगी म्हणाली तेव्हा तृप्तीला क्षणभर वाटलं, ही वेणीमाधवांबद्दलच बोलते आहे. नवऱ्याला जाऊन दहा वर्षं झाली होती, आणि गेलेल्या माणसाबद्दल असं कोणी बोलत नाही, हे तिला कळत होतं. तरी तिने उगाचच ओढणी सारखी केली. मुलीचं नाव अपूर्वा. पुण्याच्या कुठल्याशा संशोधन संस्थेतून आलेली. एचआयव्हीवर वर्षानुवर्षं औषधं घेणाऱ्या बायकांच्या रक्तात तो विषाणू कसकसा बदलत जातो, याचा अभ्यास करणारी. सरकारी दवाखान्यातल्या या औषधाच्या सेंटरवर तिला कोपऱ्यातलं एक टेबल दिलेलं होतं, आणि त्यावर लॅपटॉप उघडून ती बायकांना एकेक करून समजावत होती. समजावलंच पाहिजे असं तिच्यावर बंधन नव्हतं बहुधा. पण ज्यांचं रक्त घेतलं त्यांना काहीतरी सांगितलं पाहिजे असं वाटणाऱ्या जातीतली ती होती. पडद्यावर एक झाड होतं, पानं नसलेलं, नुसत्या रेघांचं. “हा खालचा ठिपका म्हणजे तुम्ही औषधं सुरू केलीत तेव्हाचा नमुना, काकू. नशीब, जपून ठेवलेला होता. आणि हा वरचा गुच्छ म्हणजे आत्ताचा. औषधांत राहून राहून तो औषधांना सरावला. म्हणून म्हटलं, हा आता तो राहिलेला नाही.” तृप्ती त्या खालच्या ठिपक्याकडे बघत राहिली. वेणीमाधव असते तर त्यांनी याला मूळ पुरुष म्हटलं असतं. रामकुंडावरचे तीर्थोपाध्याय ते. कुणाचा यजमान कुठल्या गावचा, त्याचा पणजोबा कोण, त्या पणजोबाला भाऊ किती, हे त्यांच्या जिभेवर असायचं. दुसऱ्यांचे वंश म्हणून दाखवण्यात त्यांचा जन्म गेला, आणि त्यांचा स्वतःचा असा एक वंश इथे या मुलीच्या लॅपटॉपवर फांद्या फोडून बसला होता.

“आणि तो पहिला?” तृप्तीने विचारलं. “तो मेला?”

“छे हो, तो कुठे मरतोय!” अपूर्वा एकदम खुलली, तिच्या विषयातला नेमका गोडीचा प्रश्न कोणीतरी विचारला होता. “तो पेशींच्या आत झोपून असतो. जन्मभर. औषध असेपर्यंत नव्याची चलती. औषध थांबलं की थोड्याच आठवड्यांत जुनाच पुन्हा वर येतो, अगदी जसाच्या तसा.” मग तिचं तिलाच काहीतरी जाणवलं असावं. “पण म्हणून औषध थांबवायचं नाही हं, काकू. जुना आला म्हणून नवा काही जात नाही. तोही तिथेच राहतो, आणि दोघं मिळून माणसाला खातात.” पुढेही ती पुष्कळ बोलली. औषध अर्धंमुर्धं मिळत राहिलं की तो शिकतो, पूर्ण मिळालं तर शिकायला उरतच नाही, असंही काहीतरी. तृप्ती मान हलवत होती. तिच्या कानात एकच वाक्य राहिलं होतं, आणि ते तिने ओढणीच्या टोकाला गाठ मारून ठेवल्यासारखं घट्ट धरलं होतं. जुनाच पुन्हा वर येतो, जसाच्या तसा.

डॉक्टरीणबाईंचं आधीच सगळं सांगून झालं होतं. रक्तातला आकडा वर चाललाय, पहिली औषधं आता उपयोगाची नाहीत, आता दुसरी. “गोळ्या चुकल्या का कधी?” “कधीच नाही,” तृप्ती म्हणाली, आणि ते खरं होतं. एकाही दिवसाची गोळी चुकलेली नव्हती. दर महिन्याला उरलेल्या गोळ्या मोजल्या जात तेव्हा तिचा हिशेब बरोबर यायचा आणि समुपदेशक बाई इतरांना तिचं उदाहरण द्यायच्या. “बरं, ही नवी. रोज, जेवणाबरोबर, अख्खी गिळायची. तोडायची नाही, चावायची नाही, कुटायची तर मुळीच नाही. तोडली की तिचं काम बिघडतं.” “तोडायची नाही?” तृप्तीने विचारलं. बाईंनी चष्म्यावरून बघितलं. “का, गिळायला त्रास होतो?” “नाही,” तृप्ती म्हणाली, “सवय आहे तोडायची.” “मग मोडा ती सवय. हिने आकडा इतका खाली जाईल की तपासणीत तो दिसेनासा होईल.” जुन्या उरलेल्या गोळ्या त्यांनी परत घेतल्या आणि नव्याची बाटली हातात दिली. बाहेर बाकावर लंकाबाई बसली होती. इगतपुरीकडची, भातशेतीतली, गावात कुणाला कळू नये म्हणून तिकडचा दवाखाना सोडून इथवर येणारी. बाटली बघून तिने ओळखलं. “तुलाबी दिली व्हय नवी? लय भारी हाय गं. पण जावयावानी मान राखाया लागतो. तोडून बोलायचं नाय, गप गिळायचं.” आणि स्वतःच्याच बोलण्यावर ती तोंडाला पदर लावून हसली. मग तृप्तीचा चेहरा बघून हसू आवरून म्हणाली, “का गं, रडाया काय झालं? मला तर सालभर झालं. ही बघ, ढोरावानी काम करते.” तृप्ती म्हणाली, रडत नाहीये, डोळ्यात काहीतरी गेलं. लंकाबाईने ते खरं मानलं नाही, पण तसं दाखवलंही नाही.

ती रिक्षा न करता मेहेर सिग्नलपर्यंत चालत आली. तिथल्या एका चष्म्याच्या दुकानात ती काम करायची. गिऱ्हाइकांच्या नाकावर फ्रेम बसवायची, कानामागची दांडी गरम वाळूत धरून वाकवायची, आणि डोळे तपासायची खोली रिकामी असली तर साधे नंबर स्वतःच काढायची. दुपारी एक म्हातारे गृहस्थ आले. त्यांच्या डोळ्यांपुढे ती एकेक भिंग सरकवत होती आणि रोज शंभरदा विचारते तेच विचारत होती. “हे स्पष्ट दिसतं, की आधीचं?” गृहस्थ विचार करून म्हणाले, “आधीचं.” तिने पुन्हा फिरवलं. “आता?” “आधीचंच बरं होतं हो,” ते म्हणाले, आणि वास्तविक त्यांना नंबर नव्याचाच लागत होता. एरवी ती हसून म्हणाली असती, काका, सवयीचं आहे म्हणून बरं वाटतंय, दोन दिवस घालून बघा. आज तिच्या तोंडून ते निघेना. ती भिंग हातात धरून उभी राहिली. काचेला बोटांचे ठसे उमटले आणि तिने ते ओढणीने पुसले.

सईच्या वेळी पोटुशी असताना रक्त तपासलं तेव्हा कळलं होतं. बायकांचं असंच कळतं, मुलाच्या निमित्ताने. प्रसूतीच्या वेळी तिला एक गोळी दिली, सईला थेंब दिले, आणि दीड वर्षानंतर सईचं रक्त निर्मळ निघालं तेव्हा तृप्तीने पहिल्यांदा पोटभर जेवून घेतलं. वेणीमाधवांनी स्वतःचं रक्त तपासलं ते मुंबईला जाऊन, खोट्या नावाने. तिथल्या माणसाने वडिलांचं नाव विचारलं, आणि दुसऱ्यांच्या सात पिढ्या तोंडपाठ असलेल्या या माणसाला स्वतःचा एक खोटा बाप सुचेना. शेवटी त्यांनी नांदगावच्या एका यजमानाच्या आजोबाचं नाव सांगितलं आणि परत आल्यावर त्या आजोबाच्या नावाने तर्पण केलं. हे त्यांनी तिला सांगितलं तेव्हा तिला हसू आलं आणि आपल्याला हसू यावं याचाच भयंकर राग आला. त्यांच्यावर राग आला नव्हता असं नाही. कुठून आणलंत, हे तिने कधी विचारलं नाही आणि त्यांनी कधी सांगितलं नाही. पण त्या वर्षीचा अख्खा अधिक महिना ती त्यांच्याशी बोलली नव्हती. अधिकाचं वाण म्हणून जावयाला द्यायचे अनारसे माहेरहून आले, ते तिने डब्यासकट समोर आपटले. त्यांनी एक उचलला, अर्धा मोडला, अर्धा तिच्यापुढे ठेवला आणि उठून गेले. तो अर्धा अनारसा दोन दिवस तसाच पडून होता. तिसऱ्या दिवशी मुंग्या लागल्या तेव्हा तिने मुंग्या झटकल्या आणि तो खाल्ला. तिचं भांडण तिथे संपलं. संपवायला नको होतं, असं माहेरी कळलं असतं तर कुणीही म्हटलं असतं. पण माहेरी सांगितलंय कुणी.

दुपारी ते कुंडावरून परत यायचे तेव्हा त्यांच्या पायांची बोटं पाण्याने सुरकुतलेली असायची. ओल्या पंचाला दर्भाचा, तिळाचा, नदीच्या शेवाळाचा असा मिळून एक वास यायचा. पंचवटीतल्या त्या दोन खोल्यांत तो वास दोरीवर वाळत राहायचा. ती आता इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये राहायची, तिथे गॅलरीत साबणाच्या पावडरीचा वास येतो आणि बाकी कसलाच येत नाही. घरातला रिवाज असा होता की आधी ते जेवायचे आणि मग त्यांच्याच ताटात ती. तिच्या आईला हे अजिबात पसंत नव्हतं, या काळात कोण असं उष्टं खातं, असं ती म्हणायची. तृप्तीलाही आधी कससंच व्हायचं. पण वेणीमाधव ताटाच्या उजव्या कोपऱ्यात तूप घातलेल्या भाताचा एक घास राखून ठेवायचे, नीट गोल करून, त्यावर लिंबाची फोड. बाकी ताट चाटूनपुसून स्वच्छ आणि तो एक घास. त्यांना बायकोशी गोड बोलता यायचं नाही. यजमानांशी बोलून बोलून त्यांचं सगळं बोलणं संपून जायचं, आणि तिच्या वाट्याला तो घास यायचा. तिला तो पुरायचा. आजही भात वाढून घेतला की तिचा हात आधी उजव्या कोपऱ्याकडे जातो.

सई चार वर्षांची झाली तेव्हा तृप्तीला गोळ्या सुरू झाल्या. वेणीमाधवांना त्याच्या आधीपासूनच हव्या होत्या. गळ्याजवळची हाडं दिसायला लागली होती, जिभेवर पांढरा थर असायचा आणि ते तो उपरण्याने खरवडून काढायचे. चला ना माझ्याबरोबर, ती म्हणायची. इथे नको तर दुसऱ्या गावाला जाऊ. “कुठल्या गावाला जाऊ?” ते म्हणायचे. “प्रत्येक गावात माझा यजमान आहे.” आणि ही काही नुसती बढाई नव्हती. धुळ्याच्या एसटी स्टँडवर मुतारीच्या दारात एकाने त्यांना वाकून नमस्कार केला होता. इगतपुरीच्या दवाखान्यात औषध वाटणाऱ्याच्या आईच्या अस्थी त्यांच्याच हातून कुंडात गेल्या होत्या. लंकाबाईला निदान एक परकं शहर होतं. रांगेत उभं असताना कुणी म्हटलं, गुरुजी तुम्ही इथे कसे, की पिढ्यान्‌पिढ्यांचं सगळं संपलं असतं. मग एका संध्याकाळी तृप्ती ताटावर बसली, गोळी काढून कोपऱ्यात ठेवली, आणि समोर बसलेले वेणीमाधव म्हणाले, “आजवर माझ्या ताटातलं तू खाल्लंस. आता तुझ्या ताटातलं मला दे.” आयुष्यात त्यांनी तिच्याकडे मागितलेली ती एकच गोष्ट. तिने उठून देव्हाऱ्याच्या खणातून अडकित्ता आणला, पूजेची सुपारी फोडायचा, पितळी, आणि गोळी त्याच्या पात्यात धरून दाबली. कट् असा आवाज झाला. दोन तुकडे कधीच सारखे व्हायचे नाहीत. मोठा ती त्यांना द्यायची, ते बघून अदलाबदल करायचे, ती परत फिरवायची, आणि एकदा या भानगडीत मोठा तुकडा जमिनीवर पडला तर दोघं सईच्या खेळण्यांत हात घालून तो शोधत बसले होते. गोळी अख्खी घ्यायची असं सेंटरवर सांगितलं होतं, ती काही बहिरी नव्हती. पण अर्ध्या भाकरीवर माणूस जगतो, मग अर्ध्या गोळीवर का जगू नये, असं तिचं गणित होतं. त्यांचं याहून पक्कं होतं. “प्रसाद कणभर असला तरी प्रसादच,” ते म्हणायचे. “तो मापाने काम करत नाही.” जन्मभर कणाकणाने तीर्थप्रसाद वाटलेल्या माणसाला औषध मापाने काम करतं हे पटणार तरी कसं? आणि तिला तरी कुठे पटवायचं होतं? आता अपूर्वा म्हणते, अर्धंमुर्धं मिळालं की तो शिकतो. म्हणजे त्या सगळ्या संध्याकाळी, दिवा लावल्यावर, दोघं समोरासमोर बसून त्याला शिकवत होते. एकमेकांना जगवतोय असं वाटत होतं आणि चालली होती त्याची शिकवणी.

त्यांना थंडी सोसली नाही. न्यूमोनिया झाला असं लोकांना सांगितलं, आणि तोही झालाच होता. ज्यांच्याबरोबर ते कुंडावर उभे राहायचे त्यांनीच त्यांचं सगळं केलं, आणि कुणीही एक शब्द विचारला नाही. कदाचित सगळ्यांना सगळं ठाऊक होतं. हे तिच्या मनात फार उशिरा आलं, आणि आल्यावर ती दिवसभर दुकानात कुणाशी नीट बोलली नाही. तेरावा झाल्यानंतरच्या संध्याकाळी तिने गोळी काढली, अडकित्ता घेतला, कट्. दोन तुकडे ताटात पडले. मोठा समोर सरकवला आणि मग तिच्या लक्षात आलं की समोर भिंत आहे. बऱ्याच वेळाने तिने तो मोठा तुकडा स्वतः उचलून तोंडात टाकला, त्यावर पाणी प्यायलं, मग आपला. तेव्हापासून हाच क्रम. आधी त्यांची अर्धी, मग तिची. गोळी पूर्ण पोटात जात होती, आकडा बरोबर येत होता, डॉक्टर खूश होते. आणि रोज संध्याकाळी घोटभर पाण्याएवढा वेळ कुणीतरी तिच्याबरोबर जेवत होतं. दुसऱ्या कुणाला यात काही कळायचं कारण नव्हतं.

नवी बाटली तिने मेतकुटाच्या डब्यामागे ठेवली. उद्यापासून, असं पहिल्या दिवशी म्हणाली. दुसऱ्या दिवशीही तेच. वेडेपणा आहे हे कळायला तिला डॉक्टर नको होता. पण तेरा वर्षांत पहिल्यांदा तिच्या अंगात औषध नव्हतं आणि ती आतून कानोसा घेत होती. संध्याकाळी बरोबर गोळीच्या वेळेला ती गॅलरीत जाऊन उभी राहायची, खालून जाणाऱ्या स्कूटरी बघायची, आणि मनगटाची नस बोटाने धरायची. तिथे कुठेतरी तो जुना झोपलेला होता, खालचा ठिपका, ज्या रात्री जसा आला तसाच. त्यांच्या अंगातून तिच्या अंगात आलेला. त्यांचे कपडे देऊन टाकले, उपरणं विरलं, अस्थी तर त्यांच्याच कुंडात विरघळल्या म्हणतात; त्यांच्या शरीरातलं म्हणून जिवंत असं एवढंच उरलं होतं. रोग म्हणून का असेना. त्याने त्यांना मारलं, तो तिला मारणार, हे तिला दिसत होतं आणि तरीही नव्या गोळीने तो दिसेनासा होईल या वाक्याची तिला भीती वाटत होती. एक माणूस एकदा दिसेनासा झाला, तेवढं पुरे नव्हतं का? जसाच्या तसा, असं ती मुलगी म्हणाली होती. तिसऱ्या संध्याकाळी अंग कोमट वाटलं आणि तृप्तीला चक्क आनंद झाला. पाहुणा यायच्या दिवशी घर आवरून झाल्यावर वाटतं तसा. मग त्या आनंदाचीच तिला भीती वाटली. ती आत आली, पंखा लावला, बंद केला, आणि आल्याचा चहा ठेवला. कोमटपणा उन्हाचा होता; तो गेला.

रविवारी सईने स्वयंपाक केला. सई सतरा संपून अठरावं लागलेली, बारावीची, आणि महिन्यातून एकदा पिठलं-भात करून घरावर उपकार करणारी. आईला काय आहे ते तिला ठाऊक होतं, दोन वर्षांपूर्वी तृप्तीनेच सांगितलं होतं. अर्ध्या गोळ्यांचं मात्र सांगितलं नव्हतं. ताटं वाढून झाली, आणि मेतकूट कुठंय म्हणून सई फडताळात हात घालून शोधत होती.

“आई, हे काय? याचं सीलसुद्धा तसंच आहे.”

“उद्यापासून घेणार आहे.”

“कधी आणलीस?”

तृप्तीने पाण्याचा तांब्या उचलला. सईने सील फोडलं, एक गोळी तळहातावर घेतली आणि डोळे मोठे केले. “बापरे, केवढी! म्हणून टाळतेस होय? मला म्हणायचंस की.” आणि काही कळायच्या आत तिने देव्हाऱ्याचा खण ओढून अडकित्ता काढला, ताटासमोर मांडी घातली आणि गोळी पात्यात धरली. “हं. आधी बाबांची अर्धी, मग तुझी. असंच ना?”

तृप्तीच्या हातातला पाण्याचा तांब्या ताटाला लागला. “काय म्हणालीस?”

“अगं, मला काय आठवत नाही? मी तिथेच खेळत असायची की. तू त्यांना द्यायचीस आणि ते मला दाखवायला असं करायचे.” सईने एक डोळा मिटला, नाक आक्रसलं आणि खालचा ओठ डावीकडे ओढून जीभ आत वळवली.

तृप्तीने ते तोंड दहा वर्षं बघितलं नव्हतं. फोटोत ते नव्हतं. फोटोत ते नेहमी गंध लावून, ताठ, दुसऱ्या कुणाच्या तरी कार्यात उभे असल्यासारखे. स्वप्नात येत तेव्हाही त्यांचा चेहरा नीट लागायचा नाही. आणि इथे पिठल्याची वाफ येत होती आणि ताटापलीकडे ते कडू गोळी खाल्ल्याचं सोंग करत होते, जसेच्या तसे. काखेत कळसा अन् गावाला वळसा, असं तिची आई म्हणायची. इथे तर ती चार दिवस स्वतःच्या रक्तात वळसे घालत होती. तिला हसू आलं.

“इतकी वर्षं बोलली नाहीस ती?”

“काय बोलू? ते गेल्यावर तू दोन्ही खायचीस. मला वाटायचं, खाऊ दे.” सईने मान खाली घातली, अडकित्त्याच्या दांड्यांवर बोटं नीट बसवली आणि दाबायला लागली.

“नको!” तृप्ती ओरडली. तिचं ताट कलंडलं, पिठलं जमिनीवर सांडलं. तिने सईची मूठ पकडली होती. सई घाबरून तिच्याकडे बघत राहिली. पात्याची खूण गोळीच्या एका बाजूला उमटली होती, पण गोळी तुटली नव्हती. “ही तोडायची नसते. तोडली तर काम करत नाही.”

“मग बाबांची?” सई म्हणाली. तिने ते सहज विचारलं होतं.

तृप्तीने अडकित्ता तिच्या हातातून काढून घेतला. पितळ गार होतं. समोर भिंत नव्हती, सई होती, केसांना रबर लावलेली, आईला काहीतरी दुखवलं की काय म्हणून खालचा ओठ डावीकडे ओढून बसलेली.

“त्यांची आता नाही,” तृप्ती म्हणाली.

हे तिने पहिल्यांदाच म्हटलं होतं. म्हणून झाल्यावर ते खरं झालं, आणि तिला वाटलं आपण आत्ता, या घटकेला, पिठलं सांडलेल्या फरशीवर विधवा झालो. मग तिने सईच्या ताटातला भाताचा एक घास उचलून खाल्ला, कारण गोळी जेवणाबरोबर घ्यायची होती. गोळी जिभेवर ठेवली. ती मोठी होती आणि कडेला तिला पात्याची खूण लागत होती. दोन घोट पाणी लागलं. गळ्यात अडकली, मग उतरली. सई श्वास धरून बघत होती.

“गेली?”

तृप्तीने मान हलवली. तिचा हात मात्र सवयीने पुन्हा ताटाच्या उजव्या कोपऱ्याकडे गेला होता, दुसऱ्या अर्धीसाठी. बोटांनी तिथे थोडं चाचपलं. तिथे काही नव्हतं, आणि तरी तिने हात लगेच उचलला नाही.